लहान गाडीचे पुढचे ब्रेक पॅड : तीन पाकिटांचा हिशेब आणि अंगणातली बसवणी

वॅगनआर, अल्टो, स्विफ्ट या वर्गातल्या गाडीचे पुढचे पॅड मागितले की तालुक्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर तीन पाकिटं येतात. एक गाडीच्या कंपनीचं, एक नावाजलेल्या ब्रेकवाल्यांचं, आणि तिसरं नुसतं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, ज्यावर गाडीचं नाव पेनाने लिहिलेलं असतं. पहिल्या दोनांपैकी कोणतंही घ्या, दोन्ही चांगली. तिसरं फुकट दिलं तरी घेऊ नका. पण चांगलं पाकीट घेतलं म्हणजे काम झालं असंही समजू नका. पॅड किती टिकणार, चरचर करणार का, ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढणार का, हे बरंचसं कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर (चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवर) दाबणाऱ्या भागाच्या, दोन पिना किती मोकळ्या सरकतात त्यावर ठरतं. गॅरेजमध्ये घाईत नेमक्या त्याच राहून जातात. म्हणून पाकिटाएवढीच जागा इथे बसवणीला दिली आहे.

पाकिटात काय बघायचं

पुढच्या दोन चाकांचे मिळून चार पॅड एका पाकिटात येतात. एकाच चाकाचे दोन कधीही बदलू नयेत. एकीकडे नवे आणि दुसरीकडे झिजलेले पॅड असले की जोरात ब्रेक लागताना स्टिअरिंग हाताला ओढतं.

कंपनीच्या पाकिटातल्या पॅडच्या पाठीला सहसा पातळ पत्र्याचे शिम लावलेले असतात, पॅड संपत आला की आवाज करणारी पट्टी जागेवर असते आणि पॅड कॅरिअरच्या (पॅड धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या) खाचेत कानस न लावता बसतो. किंमत मॉडेलप्रमाणे साधारण हजार ते दोन हजारांच्या घरात. त्यात धोका एकच, नकली पाकिटाचा. होलोग्राम, पार्ट नंबर, छापील किंमत आणि महिना-वर्ष हे चारही बघा. पार्ट नंबर गाडीच्या वर्षाशी जुळवूनच घ्या. २०१९ साली आलेल्या नव्या वॅगनआरचा पॅड आणि आधीच्या पिढीच्या वॅगनआरचा पॅड एकच असेल असं धरून चालू नये. आरसीवरचा चेसिस नंबर दुकानदाराला दिला की हा घोळ होत नाही. जमलं तर एक जुना पॅड काढून सोबतच न्या आणि पाठीच्या पत्र्याचा आकार एकावर एक ठेवून बघा.

दुसऱ्या प्रकारात टीव्हीएस गर्लिंग, राणे, बॉश अशी नावं आपल्याकडच्या दुकानांत मिळतात. टीव्हीएस गर्लिंगमागची ब्रेक्स इंडिया ही १९६२ पासूनची चेन्नईची कंपनी. गाड्यांच्या कारखान्यांनाही ती ब्रेक पुरवते. त्यामुळे या पाकिटाला कमी दर्जाचं समजायचं कारण नाही. ते काही शे रुपयांनी स्वस्त पडतं. फक्त शिम आणि क्लिपा आहेत की नाहीत ते काउंटरवरच उघडून बघा. नसतील तर जुन्या शिम सरळ आहेत का, गंजून फुगल्या नाहीत ना, हे पाहून त्याच काढून परत लावता येतात.

आता पॅड हातात घेऊन त्याच्या कडेवर किंवा पाठीवर छापलेली ओळ वाचा. त्या ओळीच्या शेवटी सहसा दोन अक्षरं असतात : एफएफ, एफई, जीजी अशी. ही घर्षणाची खूण. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानाचं, दुसरं पॅड तापल्यानंतरचं. लहान गाडीला एफएफ भरपूर झालं. एफई असेल तर तापल्यावर पकड कमी होते असा त्याचा सरळ अर्थ. ही अक्षरं टिकाऊपणाबद्दल काही सांगत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. "जीजी आहे म्हणजे जास्त चालेल" असं दुकानात ऐकायला मिळतं, ते चूक आहे.

तिसऱ्या पाकिटात हे काहीच नसतं. अक्षरं नाहीत, बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही. चार-पाचशे रुपये वाचतात, पण त्या मसाल्यात, म्हणजे पॅडच्या घासणाऱ्या थरात, काय आहे ते कुणाला माहीत नसतं. मसाला फार कडक असेल तर तो पॅडऐवजी डिस्क खातो, आणि डिस्कची जोडी पॅडपेक्षा महाग पडते. चिकटवण कच्ची असेल तर मसाला पाठीच्या पत्र्यापासून सुटतो. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याचीही शक्यता राहते, आणि ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

बिल मागाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या छापील किमतीचा माल अजून फळीवर असेल तर नवा भाव विचारून घ्या.

सिरॅमिक किंवा स्पोर्ट्स म्हणून विकले जाणारे महाग पॅड गावातल्या गाडीला लागत नाहीत. रेसिंगचे पॅड तर तापल्याशिवाय नीट पकडतच नाहीत, आणि घरून वावरापर्यंतच्या तीन किलोमीटरमध्ये ते तापणार नाहीत.

आपल्याकडे पॅडवर ताण कुठे येतो

विदर्भातले बरेच रस्ते सपाट आणि सरळ, म्हणून एरवी पॅड चांगले चालतात. तीस-चाळीस हजार किलोमीटर सहज निघतात. कस लागतो दोन ठिकाणी. एक, परतवाड्याहून चिखलदऱ्याचा किंवा सेमाडोहकडून धारणीचा घाट. उतरताना गाडी चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ठेवून पाय ब्रेकवरच राहिला की पॅड इतके तापतात की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलं की अर्धं काम इंजिन करतं. दुसरं ठिकाण समृद्धी महामार्ग. तिथे कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. वेग दुप्पट झाला की थांबवताना ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. गावात ६० वर ठीक वाटणारा बिननावाचा पॅड वर्ध्याच्या पुढे १२० वरून एकदाच जोरात ब्रेक मारल्यावर आपली खरी लायकी दाखवतो.

आणि पांदण. पावसाळ्यात चाकात भरलेली काळी माती ओली असताना फुगते आणि वाळली की विटेसारखी घट्ट होते. कॅलिपरच्या कोपऱ्यात, पिनांच्या रबरी टोप्यांभोवती ती थापून बसते. कोकणासारखा खारा गंज आपल्याकडे नाही, पण ही माती तेवढंच नुकसान करते.

पॅड बदलायची वेळ ओळखणं सोपं आहे. चाकाच्या फटीतून कॅलिपरच्या खिडकीत बघा. नवीन पॅडचा मसाला साधारण १० मिलिमीटर असतो. ३ उरला की बदला, २ च्या खाली जाऊ देऊ नका. बाहेरचा पॅड दिसतो, आतला दिसत नाही, आणि बहुधा आतलाच आधी संपतो. म्हणून बाहेरचा ४ दिसला तरी एकदा चाक काढून आत बघावं. ब्रेक न दाबता चालताना बारीक शिट्टी येते आणि दाबल्यावर थांबते, ती आवाजाच्या पट्टीची सूचना. खरखर सुरू झाली म्हणजे लोखंडावर लोखंड घासतंय. तेव्हा गाडी उभी करा.

पॅड झिजले की कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा पिस्टन बाहेर येतो आणि ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी आपोआप थोडी उतरते. पातळी खाली दिसली म्हणून लगेच वरून भरू नका, आधी पॅड तपासा. आता भरलेलं ऑइल नवे पॅड बसवताना उतू जाईल.

जागा आणि अवजारं

आदल्या दिवशी पुढची दोन्ही चाकं आतून पाण्याने भिजवून माती सोडवून घ्या. वाळलेल्या मातीवर पेचकस मारून टवके काढायला गेलात तर रबराची टोपी फाटते.

जॅक उघड्या काळ्या जमिनीवर लावू नये. वरून कडक दिसते, खाली भेग असते, आणि वजन आलं की जॅक तिरपा धसतो. उन्हाळ्यात दुपारी डांबरी रस्त्यावरही हेच होतं. सिमेंटचं अंगण सगळ्यात चांगलं. ते नसेल तर मुरूम दाबलेल्या जागी फूटभर लांब-रुंद आणि दोन इंच जाड सागाची किंवा बाभळीची फळी ठेवून तिच्यावर जॅक लावा. शहाबादी फरशी ठेवू नका, ती मधोमध तडकते. गाडीखाली विटांचा थर तर अजिबात नको. सगळीकडे सारखा पडलेला भार वीट सहन करते, पण एका टोकावर वजन आलं की क्षणात भुगा होतो. जॅक स्टँड घ्या. ते मिळेपर्यंत निदान काढलेलं चाक आणि स्टेपनी एकावर एक आडवी करून गाडीच्या कडेच्या पट्टीखाली सारून ठेवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही.

अवजारं फार नाहीत : गाडीतला चाकपाना, १२ आणि १४ चे रिंग पाने, एक पातळ डी पाना, सहा इंची सी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, कानस, बायंडिंग तार, सिरिंज, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, आणि ब्रेकसाठीच असलेलं सिलिकॉन ग्रीस. या ग्रीसची लहान पुडी पुरते, पण ती आणल्याशिवाय काम सुरू करू नका. तोंडाला मास्क बांधा. पॅडची धूळ फुंकायची नाही, कंप्रेसरची हवाही मारायची नाही. स्प्रेने किंवा साबणाच्या ओल्या फडक्याने पुसायची. पेट्रोल, डिझेल, घासलेट यातलं काहीही ब्रेकच्या जवळ आणू नका. रबर खराब होतं आणि डिस्कवर तेलकट थर राहतो.

सकाळी, गाडी थंड असताना सुरुवात करा. मे महिन्यात नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीची डिस्क तासाभरानेही हात भाजू शकते.

उघडणं

हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा, मग जॅक चढवा. चाक काढल्यावर स्टिअरिंग योग्य बाजूला वळवलं की कॅलिपरची पाठ समोर येते. मोबाइलवर फोटो काढून ठेवा : पट्टी वर आहे की खाली, क्लिप कशी बसली आहे. दोन्ही चाकं एकदम उघडू नका. एक पूर्ण करा, मग दुसरं. अडलं तर न उघडलेल्या बाजूला बघता येतं.

कॅलिपर दोन बोल्टांनी पिनांना धरलेला असतो. डोकं बहुधा १२ किंवा १४ चं. बोल्ट फिरवताना पिनही सोबत फिरू लागली तर पातळ डी पान्याने पिनेचा चपटा भाग धरा. बऱ्याच गाड्यांत खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलला तरी पॅड निघतात, पण तो शॉर्टकट घेऊ नका. दोन्ही बोल्ट काढा, कारण दोन्ही पिना बाहेर काढायच्या आहेत. सुटलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. बायंडिंग तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. २०१९ नंतरच्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असतंच, तेव्हा चाकाजवळून जाणारी त्याची बारीक वायर ताणली जाणार नाही याकडेही लक्ष द्या. आणि कॅलिपर सुटा असताना कुणीही, विशेषतः गाडीत चढून बसलेलं पोर, ब्रेक पेडल दाबणार नाही हे बघा. पिस्टन बाहेर निघून पडला तर घरचं काम तिथेच संपतं.

जुने पॅड काढल्यावर खडूने खूण करा : डावा आतला, डावा बाहेरचा. त्यांची झीज वाचा. आतला संपलेला आणि बाहेरचा अर्धा शिल्लक, म्हणजे पिना जाम आहेत किंवा पिस्टन मागे जात नाही. एकच पॅड पाचरीसारखा तिरपा झिजला असेल तर दोनपैकी एक पिन अडकली आहे. हे न सुधारता नवे पॅड घातले तर तेही तसेच झिजतील, मग पाकीट कितीही चांगलं असो.

पिना

हा भाग सावकाश करा. पिन टोपीतून ओढून काढा. चांगली पिन चकचकीत असते, तिच्यावर पारदर्शक ग्रीसचा हलका थर असतो, आणि ती बोटाने आत ढकलून सोडली तर हवेच्या दाबाने किंचित मागे येते. खराब पिन काढायला पिळावी लागते. तिच्यावर तपकिरी पापुद्रा असतो, जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं, आणि टोपी फाटली असेल तर आत मातीचा ओला गाळ सापडतो.

वरची आणि खालची पिन सारखी दिसली तरी बऱ्याचदा सारखी नसते. एकीच्या टोकाला रबरी बुश असतो किंवा ती चपटी घडवलेली असते. त्यांची अदलाबदल झाली की कॅलिपर खडखडतो किंवा जाम होतो. म्हणून एक पिन काढा, साफ करा, लावा, आणि मगच दुसरीला हात लावा.

गंजाचा पापुद्रा बारीक पॉलिश पेपरने काढता येतो, पण बोटाच्या नखाला खड्डा लागत असेल तर पिन नवीनच घ्या. पिना-टोप्यांचं किट वेगळं मिळतं आणि फार महाग नसतं. पिनेचं भोकही कापडाची वात करून स्प्रेने स्वच्छ करा. मग सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर. भोकात ग्रीस ठासून भरू नका. भोक एका बाजूने बंद असतं, जास्तीचं ग्रीस आणि हवा आत कोंडते आणि पिन पूर्ण आत जातच नाही.

बंडीच्या कण्याला लावायचं वंगण, बेअरिंगचं ग्रीस, इंजिन ऑइल हे पिनेला लावलं की सुरुवातीला मस्त सरकते. काही महिन्यांत टोपीचं आणि बुशाचं रबर फुगतं आणि पिन कायमची अडकते. आपल्याकडे जाम पिना जितक्या मातीमुळे होतात, तितक्याच या चुकीच्या ग्रीसमुळे.

पिनांनंतर कॅरिअर. पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथल्या क्लिपा काढून खालचा गंज तारेच्या ब्रशने लख्ख करा. क्लिपेखाली गंज साचला की ती वर उचलली जाते आणि पॅड घट्ट बसतो. नवा पॅड खाचेत बोटाच्या दाबाने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकावा लागत असेल तर थांबा. बहुधा पाठीच्या पत्र्याच्या कानावर रंगाचा जाड थर असतो, तो कानसने हलकेच उतरवा. घट्ट बसवलेला पॅड पेडल सोडल्यावर मागे येत नाही, डिस्कला घासत राहतो, चाक तापतं आणि पेट्रोल जास्त खातं.

डिस्कवर नखाला अडेल अशी चरी असेल किंवा पेडलला धडधड येत असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी लेथवर ती घासून मिळते. पण डिस्कवरच किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. घासल्यावर जाडी त्याखाली जाणार असेल तर नवीन डिस्क घ्यायची. पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर आलेला नारिंगी गंज मात्र किरकोळ, दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो.

पिस्टन आणि बसवणी

बॉनेटखालच्या डबीचं झाकण सैल करा. पातळी वरच्या रेषेजवळ असेल तर सिरिंजने थोडं ऑइल काढा. हे ऑइल रंग खातं. बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबा. पेचकसाने किंवा टामीने रेटू नका, पिस्टन तिरका होतो आणि टोपी फाटते.

पिस्टन अजिबात हलत नसेल तर ब्लीड निपलला (कॅलिपरवरच्या, हवा काढायच्या लहान तोटीला) बारीक नळी लावून ती बाटलीत सोडा, निपल किंचित उघडा आणि परत दाबून बघा. आता गेला तर रबरी नळी आतून बंद झाली आहे. आताही नाही गेला तर पिस्टन गंजला आहे. दोन्ही बाबतींत पुढे गॅरेजचं काम. निपल उघडला असेल तर हवा काढून झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

नवीन पॅड लावताना मसाल्याच्या तोंडाला हात लावू नका. ग्रीस फक्त कानांना आणि पाठीला, तेही पुसल्यासारखं. पट्टीवाला पॅड फोटोत होता त्याच जागी. मसाला डिस्ककडे असला पाहिजे. हे सांगायची गरज वाटू नये, पण उलटे बसवलेले पॅड गॅरेजांमध्ये येत असतात.

पिनेचे बोल्ट लहान असतात, त्यांना साधारण २५ ते ३५ न्यूटन-मीटर पुरतात. वीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला पंधरा किलोचा जोर म्हणजे ३० च्या आसपास. लहान मारुतीच्या चाकाच्या नटांना साधारण ८५ लागतात : पंचवीस सेंटिमीटरच्या दांडीला पस्तीस किलो. पान्यावर पाय देऊन उभं राहिलात तर त्याच्या दुप्पट होतात. स्टड ताणले जातात आणि पुढे पंक्चरच्या वेळी नट निघत नाही. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघून घ्या, आणि नट चांदणीच्या क्रमाने, म्हणजे एकानंतर त्याच्या समोरचा असे आवळा.

दोन्ही चाकं झाली की गाडी सुरू करण्याआधी पेडल दाबत राहा. पहिले काही दाब थेट तळाला जातात, कारण पिस्टन अजून मागे आहेत. पेडल घट्ट होईपर्यंत गाडी जागची हलवू नका. या कामात जीवावर बेतणारी चूक म्हणजे हेच विसरून गाडी अंगणाबाहेर काढणं. मग डबीतली पातळी बघा, कमी असेल तर झाकणावर लिहिलेलंच ऑइल घाला. डॉट ३ आणि डॉट ४ एकमेकांत चालतात, डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते घालू नये. उघडून ठेवलेली अर्धी बाटली वर्षभर कपाटात असेल तर वापरू नका. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावा शिरला की मानकाप्रमाणे तो १५५ पर्यंत उतरतो, आणि घाटात तेवढाच फरक महाग पडतो. डबीतलंही दर दोन वर्षांनी बदलायला हवं.

मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, प्रत्येक वेळी मध्ये अर्धा-एक मिनिट गाडी चालू द्या. पूर्ण थांबून पेडल दाबून ठेवू नका. पॅडचा एकसारखा थर डिस्कवर बसायला हवा, एका जागी थांबलात तर तिथेच डाग पडतो आणि पुढे धडधड होते. पहिले तीनशे किलोमीटर घाट आणि समृद्धी टाळलेली बरी.

नंतरचे आवाज

पहिल्या एक-दोन दिवसांचा हलका आवाज चालतो. आठवडाभर शिट्टी येत असेल तर शिम राहून गेली आहे किंवा क्लिप सैल आहे. पांदणीतून आल्यावर अचानक सतत खर्र असा आवाज आला तर आधी डिस्कमागच्या पत्र्यात गिट्टी अडकली आहे का बघा. पत्रा बोटाने किंचित मागे वाकवला की ती खाली पडते. दहा-पंधरा किलोमीटरनंतर एका चाकाजवळ हात नेऊन दुसऱ्यापेक्षा जास्त धग लागली तर त्या बाजूची पिन किंवा पॅड अडकला आहे, परत उघडा. पेडल स्पंजसारखं मऊ लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे.

मागेही डिस्क असलेल्या गाड्यांचं मागचं काम घरी घेऊ नका. तिथे पिस्टन बहुधा फिरवून आत घालावा लागतो, सी-क्लॅम्पने दाबला तर हँडब्रेकची यंत्रणा मोडते, आणि बटणाच्या हँडब्रेकला तर स्कॅनर लागतो. पिस्टनच्या टोपीभोवती ओलसरपणा दिसला, एबीएसचा दिवा लागून राहिला, किंवा पिनेच्या बोल्टाची आटी गेली असेल तर गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा.

पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट परत एकदा तपासा. जुन्या चार पॅडपैकी एकावर तारीख आणि किलोमीटर रंगाने लिहून तो सी-क्लॅम्पसोबत ठेवून द्या. पुढच्या वेळी पिस्टन दाबायला तोच लागतो.